रिकामी असेल तरच विद्यार्थिनी

'अर्धवेळ' हा शब्द कुणी काढला की माझं डोकं अजून तापतं. आमच्या घरात अर्धवेळ असं कुणी कधी काही केलेलंच नाही. आई पहाटे माहुलहून निघून धक्क्यावर जायची, बोलीत मासळी घ्यायची, आणखी चारजणींबरोबर टेम्पोत पाटी टाकून घाटकोपरच्या बाजारात यायची आणि माल संपेपर्यंत बसायची. मग घरी येऊन स्वयंपाक. बाबा मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे आमचं घर तिच्या बाजारातल्या जागेवर चालायचं. जागा म्हणजे काय, तर सिमेंटच्या ओट्याचा तुकडा, दोघीजणी मांडीला मांडी लावून बसतील एवढा. पण तो आजीकडून आईकडे आलेला. आमच्यात अशी जागा सासू सुनेला देते, आणि ती मिळाली की त्या बाईला आयुष्यात कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

बारावीनंतर मी मुलुंडच्या एका कॉलेजात लॅब टेक्नॉलॉजीच्या पदवीला प्रवेश घेतला. रक्त-लघवी तपासण्याचं शिक्षण. फी आम्हाला झेपणारी नव्हती, म्हणून शैक्षणिक कर्ज काढलं. दर वर्षी कॉलेजचा दाखला नेऊन द्यायचा, की त्या वर्षाची फी बँक परस्पर भरणार. पहिलं वर्ष झकास गेलं. मी वर्गात दुसरी आले. आईनं ते बाजारातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं, ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही.

दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर आईच्या तळहातात शिंगाळा माशाचा काटा गेला. असे काटे तिला जन्मभर टोचलेत. तिनं हळद दाबली आणि कामाला लागली. या वेळी मात्र हात कोपरापर्यंत सुजला, ऑपरेशन करावं लागलं आणि उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. अशा हातानं कोयत्यावर सुरमई कापता येत नाही, आणि मासळी कापून न देणाऱ्या कोळणीकडे गिऱ्हाईक थांबत नाही.

मग तिच्या जागेवर कापायला मी बसले. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. कॉलेजात संध्याकाळची तुकडी होती, नोकरी करणाऱ्यांसाठी. तेच शिक्षक, तीच प्रयोगशाळा, तीच परीक्षा, तीच पदवी. फक्त विषय थोडे थोडे घ्यायचे आणि एक वर्ष जास्त लावायचं. प्राचार्यांनी तुकडी बदलून दिली, वर पाठही थोपटली. सकाळी धक्क्यावर आई बोली लावायची, मी पाट्या उचलायचे. बाजारात ती भाव करायची, मी कापायचे. संध्याकाळी हातांना लिंबू चोळून मी मुलुंडला. दमायचे खूप, पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. दोघी मिळून एक घर ओढत होतो आणि ते पुढे सरकत होतं.

धक्क्यावर एक रीत आहे. व्यापारी ओळखीच्या बायकांना माल उधारीवर देतो. तो एवढंच बघतो, की बाई रोज येते ना, आणि घरात धंद्याला हात किती. मी आईबरोबर जायला लागले तसा त्यानं आपणहून जास्त माल पुढे केला. म्हणाला, "आता पोरगी हाय ना हाताशी, ने की." कष्ट करणाऱ्याला उधारी मिळते, जास्त कष्ट करणाऱ्याला जास्त मिळते, हे आईच्या अंगात इतकं भिनलेलं होतं, की जगात याहून वेगळं काही असेल असं तिच्या मनातही आलं नसतं.

दुसऱ्या वर्षाचा दाखला घेऊन आम्ही दोघी बँकेत गेलो. आई सहकर्जदार म्हणून सोबत. ती लग्नासमारंभाला काढते ते हिरवं लुगडं नेसली होती. मॅनेजरनं दाखला वाचला, 'द्वितीय वर्षात शिकत आहे,' मान हलवली आणि पेन उचललं. तेवढ्यात आईला वाटलं, आपणही पोरीसाठी चार शब्द बोलावेत.

"साहेब, काय काळजी करू नका," ती म्हणाली. "माझी पोरगी रिकामी नाय बसत. सकाळची माझ्यासंगं धंद्याला बसते नि संध्याकाळची कॉलेजात जाते. तुमचा पैसा बुडणार नाय."

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं.

"संध्याकाळी? म्हणजे पार्ट टाइम?"

मी हो म्हणाले. लपवण्यासारखं त्यात काय आहे, हे मला अजूनही कळलेलं नाही.

"मग हे कर्ज पुढे चालू ठेवता येणार नाही. ही योजना फक्त पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी आहे."

मी विचारलं, का. तो म्हणाला, पार्ट टाइमवाले कमावते असतात, त्यांची फी ते स्वतः भरू शकतात, असं धरलेलं आहे. मी म्हणाले, "ती कमाई घर खातं, साहेब. त्यातून फी कशी निघणार?" तो म्हणाला, "मॅडम, नियम मी केलेला नाही." आणि मग, जाता जाता सांगावं तसं सांगितलं, की पूर्णवेळ शिक्षण थांबलं असं गृहीत धरून पहिल्या वर्षाच्या कर्जाचे हप्तेही आता सुरू होतील.

मला त्याचं टेबल उलटं करावंसं वाटलं. दिवसाच्या तुकडीत मागच्या बाकावर मोबाईल बघत बसले असते, तर मी विद्यार्थिनी होते. मासळी कापली, म्हणून नव्हते. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं? ज्याची फी बाप भरतो, दुपारचा डबा आई भरते, असा कुणीतरी. त्याला कर्जाची गरज आहे, आणि जिला उभं राहून कमवावं लागतं तिला ती नाही! मी वरच्या ऑफिसात तक्रार केली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, मॅनेजरचंच वाक्य, फक्त जड मराठीत. इतर बँकांतही विचारून आले. सगळीकडे पहिला प्रश्न तोच, पूर्णवेळ का?

मॅनेजरनं नाही म्हटलं त्या दिवशी बँकेतून बाहेर पडल्यावर आई फुटपाथवरच थांबली.

"मीच वाट लावली गं तुझी."

"तू काय खोटं बोललीस?"

"तेच ना, बाय. खरं बोलले."

मग एकेक करून सगळीकडचे नकार आले. मी शिक्षण सोडायचं ठरवलं होतं, पण तिला सांगायचा धीर होत नव्हता. तिनंच आधी सांगितलं. बाजारातली जागा तिनं आमच्या गल्लीतल्या एका बाईला विकून टाकली होती, कायमची. मला विचारलं नाही, कारण मी काय म्हणाले असते ते तिला ठाऊक होतं. आलेल्या पैशात घर थोडे दिवस निघेल, बाकी ती घरी बसून डाव्या हातानं सुकट निवडून देईल. "तू दिवसाच्या कॉलेजात जा," एवढंच म्हणाली. मी ओरडले, रडले. व्यवहार झालेला होता.

पूर्णवेळचा दाखला घेऊन आम्ही पुन्हा त्याच मॅनेजरसमोर बसलो. त्यानं या वेळी मुद्दाम विचारलं, सकाळी काही काम वगैरे करता का?

"नाय साहेब," आई म्हणाली. "आता आमी दोघी रिकाम्याच."

त्यानं समाधानानं सही केली. मला 'ऑल द बेस्ट' म्हणाला. नियमात बसलो होतो आम्ही.

आता मी घाटकोपरलाच एका लॅबमध्ये नोकरी करते आणि कर्जाचा हप्ता वेळेवर भरते. रविवारी आई माझ्याबरोबर बाजारात येते. आमच्या जागेवर बसलेली ती बाई चांगली आहे, आईला बघून पाटीतलं सगळ्यात ताजं पापलेट वर काढते. आई ओट्याच्या अलीकडे गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहते, ती बाई सांगेल तेवढे पैसे देते आणि पिशवी पुढे करते. जन्मभर भाव केलेली माझी आई तिथं भाव करत नाही. मी शेजारी उभी असते, आणि राग कुठं काढावा ते मला कळत नाही.