रेकॉर्डातला झीलकरी

आमच्या गावच्या शाहिराची रेकॉर्ड निघाली तेव्हा मला त्याचा हेवा वाटतो, असं गावानं ठरवून टाकलं. ते खरं नव्हतं. तो माझ्याहून चांगला गातो हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि त्याची सवय झाली होती. मला हेवा वाटला तो ज्याचं तोंडही मी कधी पाहिलं नाही अशा एका माणसाचा.

मी एरवी शाळामास्तर आणि मंडईच्या दिवसांत शाहिराचा झीलकरी. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दुपारी खडी गंमत हा शाहिरी गाण्यांचा खेळ होतो. शाहीर कडवं म्हणतो, शेवटच्या शब्दावरून झीलकरी सूर उचलतो आणि लांबवतो. तेवढ्यात शाहीर दम घेतो. किती लांबवायचं ते मी त्याच्या छातीकडे पाहून ठरवत असे. छाती भरली की सूर सोडायचा. बारा वर्षं असं चाललं होतं.

गोंदियाच्या एका ग्रामोफोनवाल्या दुकानदारानं त्याचं नाव कंपनीला कळवलं. कंपनीनं कलकत्त्याला बोलावलं आणि भाडं एकाचंच पाठवलं. साथीची माणसं कलकत्त्यातच मिळतील, असं पत्रात होतं. शाहिराला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र मीच वाचून दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचायला लावलं. माझ्याबद्दल एखादी ओळ राहून गेली असेल, असं त्याला वाटत होतं.

रेकॉर्ड आली ती गावच्या जमीनदारांकडे, मालगुजारांकडे, कारण गावात ग्रामोफोन त्यांचाच. त्यांनी तिला हार घातला आणि कला या विषयावर भाषण केलं. सालेकशाच्या रानात झाडांवर धरणारी लाख पोत्यांत भरून रेल्वेत चढते आणि असल्याच तबकड्या होऊन परत येते, हे मी सांगून पाहिलं. पण हार घातलेल्या वस्तूबद्दल अशी माहिती कोणाला नको असते. मग चावी दिली, सुई टेकवली. शाहिराचा आवाज आला. कडवं संपलं आणि कोणीतरी झील धरली. स्वच्छ, गोड आणि अर्धी. तीन मिनिटांत गाणं बसवायचं म्हणून त्यानं सूर मध्येच तोडला होता.

लोकांना ते फार आवडलं.

पुढं आमच्या तालमीला मालगुजार खुर्ची टाकून बसू लागले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्तर, तुमी लय लांबवता. रेकॉर्डात असं नाही." शाहीर नुसता हसला. ते हसू मी मनात ठेवलं.

मग शाळा सुटली की मी मालगुजारांकडे जाऊ लागलो. कधी वर्तमानपत्राचं निमित्त, कधी प्रकृतीची चौकशी. रेकॉर्ड लावायला त्यांना आग्रह लागत नसे. ऐकून झालं की बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावर, जाऊन मी त्या माणसाची झील घोटत असे. त्याच्या जागेवर त्यालाच हरवायचं, एवढंच डोक्यात होतं. दिवाळीपर्यंत त्याचं तोडणं माझ्या गळ्यात बसलं, किंचित नाकातून येणाऱ्या सुरासकट.

मंडईला पहिलं कडवं संपलं. शाहिरानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी सूर उचलला आणि नेमक्या जागी तोडला. त्याची छाती अर्धीच भरली होती. पुढची ओळ त्यानं कशीबशी ओढली, आवाज फाटला. मालगुजारांनी खुर्चीतून हात वर केला, "एकदम रेकॉर्डासारखं." दुसऱ्या कडव्याला मी त्याच्या छातीकडे पाहिलंच नाही.

मध्ये पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्यानं विचारलं, "सूर कायले तोडला गा, मास्तर?"

लोकांना तसंच पाहिजे, आणि तुलाही, असं मी म्हणालो.

"मले?" तो म्हणाला. "तिकडं मी तीनदा चुकलो. तो सूर सोडून देये आन् मी दमच घेऊन राहिलो होतो. सायेब चिडला. म्या म्हटलं, जाऊ दे, गावाले गेलो का मास्तर आहेच."

उरलेल्या खेळाला मी माझी झील धरायला गेलो. सूर उचलला, छातीकडे नजर लावली. पण गळा जाऊन त्या माणसाच्याच जागी थांबला. पुन्हा धरली, पुन्हा तिथंच. तिसऱ्या खेपेनंतर शाहिरानं माझ्याकडे पाहणं सोडलं आणि कडव्याच्या मध्येच, शब्द गिळून, दम घ्यायला सुरुवात केली.