चिकटवलेल्या काचा

बेद्रिख सिख्रा आधी ओलोमोउत्सच्या एका थिएटरात सिनेमाची यंत्रं सांभाळायचा. थिएटर बंद पडलं आणि तो प्रोफेसर कुबेनांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागला.

तिथे प्रकाशाच्या एकेका कणाला दोन प्रश्न विचारत. तू उभा की आडवा? आणि, डावीकडे कललेला की उजवीकडे? दुसरा प्रश्न विचारला की पहिल्याचं उत्तर बिघडतं, हे पुस्तकात आहेच. किती बिघडतं, ते कुबेनांना मोजायचं होतं. दुसऱ्या प्रश्नासाठी मोटर दोन छोट्या काचा फिरवायची.

मोजमाप सुरू झालं आणि आश्चर्य घडलं. काहीच बिघडेना! कुबेना तीन आठवडे हवेत होते. "सिख्रा, पुस्तकं बदलावी लागणार!" म्हणत त्यांनी वाइनची बाटलीही उघडली. झ्दिस्लावा नावाची संशोधक मुलगी तेवढी "सर, हे जरा जास्तच छान येतंय," म्हणाली. तिला कुणी विचारलं नाही.

एका सोमवारी टेबल पुसताना सिख्राने पाहिलं, तर मोटर फिरत होती, पट्टा घसरत होता आणि काचा डिंकाने जागच्या जागी चिकटलेल्या. दुसरा प्रश्न कधी विचारलाच गेला नव्हता; पहिलाच दोनदा विचारला जात होता. गप्प बसता आलं असतं. पण तो कुबेनांकडे गेला आणि सांगून मोकळा झाला.

"काचा चिकटवल्या कोणी?" कुबेना कडाडले.

"मीच."

"अहो, पण का?"

सिख्राने भिंतीकडे बोट केलं. कुबेनांच्याच अक्षरात तिथे लिहिलं होतं: 'या टेबलावरचं काहीही हलता कामा नये.'

झ्दिस्लावा डिंक खरवडायला पातं शोधू लागली.

डिंक खरवडला, काचा फिरल्या, आणि उत्तरं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे अगदी हवी तेवढी बिघडली. शोधनिबंध छापून आला. 'उपकरणाच्या स्थिरतेची विशेष काळजी घेण्यात आली,' असं कुबेनांनी त्यात आवर्जून लिहिलं.

सिख्राने एक प्रत घरी नेली. बायकोने, यार्मिलाने, ती उलटसुलट पाहिली.

"म्हणजे काय सिद्ध केलंत?"

"पुस्तकात होतं ते बरोबर आहे."

"ते चुकलंय असं कुणी म्हणत होतं का?"

"आम्हीच," सिख्रा म्हणाला. "तीन आठवडे."