त्रेचाळीस सेंटिमीटर हसू

"बाई गातायत," एवढंच मामा म्हणायचे आणि डाव्या हाताचं एक बोट गिअरवरून वर उचलायचे. त्या बोटाचा अर्थ बावन्न सीटच्या बसमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. आमच्यातल्या फिटरनं कांद्याच्या भावाची बातमी अर्ध्यावर सोडायची, ज्याला खोकला आला असेल त्यानं तो आडगाव मागे पडेपर्यंत दाबून धरायचा. एकदा एका नव्या अधिकाऱ्यानं तरीही बोलणं चालू ठेवलं. मामांनी बस कडेला घेतली, हॅन्डब्रेक ओढला आणि समोर बघत बसले. गाणं संपल्यावर बस निघाली. त्या दिवशी आम्ही चार मिनिटं उशिरा पोहोचलो. अधिकारी पुढे सहा वर्षं आमच्या बसला होते, त्या गाण्याला पुन्हा बोलले नाहीत.

मामा आमच्या कारखान्याच्या बसचे ड्रायव्हर. पंचवटीतला आमचा थांबा ते ओझरच्या कारखान्याचं गेट, एकोणीस किलोमीटर. मी तपासणी खात्यात. आलेला भाग मापात आहे की नाही, एवढं बघणं हेच माझं काम. त्यामुळे मोजण्याची सवय घरीदारी लागलेली. मामा मला 'साहेब' म्हणायचे, पण त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मात्र मला कधी मोजता आलं नाही.

आणि बाई म्हणजे नव्वदच्या दशकातल्या त्या गायिका, ज्या स्वतःच गाणी लिहायच्या, स्वतःच चाल लावायच्या आणि गिटार घेऊन स्वतःच गायच्या. त्यांचं नाव मामांनी कधी घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही. कॅसेटच्या कव्हरवर निळा स्वेटर घालून, कापलेल्या केसांच्या बाई एका जिन्याच्या पायरीवर बसलेल्या होत्या. ते कव्हर मामांनी काचेपाशी, देवीच्या फोटोशेजारी लावलं होतं. रोज सकाळी पंचवटीतल्या फूलवाल्याकडून देवीला झेंडूचा हार यायचा. बाईंना एक सुटं फूल. हार का नाही, असं मी विचारलं तेव्हा मामा दचकलेच. "जित्या माणसाच्या फोटोला हार घालत्यात का, साहेब?"

जाताना पहिली बाजू, येताना दुसरी. पाच-पाच गाणी. पहिली बाजू तेवीस मिनिटांत संपायची आणि पुढे गेट येईपर्यंत मामा काहीही वाजवू द्यायचे नाहीत. रेडिओ लावा म्हटलं तर म्हणायचे, "जेवण झालं. आता लगेच दुसरं ताट कशाला?" वर्षाला दोनशे ऐंशी दिवस धरले आणि मी त्या बसला एकोणीस वर्षं होतो, तर तिसरं गाणं मी पाच हजार तीनशे वीस वेळा ऐकलं. माझ्या लग्नातल्या मंगलाष्टका मी एकदा ऐकल्या. त्यामुळे कोणतं जास्त पाठ आहे, ते उघड आहे.

तिसरं गाणं, ज्याला मामांचं बोट वर जायचं, ते सायकलचं.

सायकलला माझ्या घंटी नाही,
बाजूला व्हा, मी येते आहे!

आणि लगेच, श्वास न घेता, 'उतार लागला, उतार लागला'. एरवी गप्प बसलेली सगळी बस फक्त इथे एकदम उडी मारल्यासारखी गायची. दाढी झालेले, न झालेले, डबे मांडीवर धरलेले बावन्न पुरुष, पहाटेच्या झोपेतून उठून, आपण सायकलवरची मुलगी आहोत अशा थाटात उतार उतरायचे. आडगावपाशी रस्ता सपाट आहे, हे मी एकदा नोंदवलं. कोणी लक्ष दिलं नाही.

ही उडी मूळ गाण्यात नव्हती. मामांनी रविवारी कॅसेट आणली आणि गुरुवारी बसमधल्या प्लेअरनं तिची पट्टी खाल्ली. चुरगळलेला तुकडा ब्लेडनं कापून मामांनी दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. दुकानात दुसरी कॅसेट मिळाली नाही, पुढे ती काढणारी कंपनीच बंद पडली. मूळ कॅसेट घरी ठेवून मामा तिच्या प्रती काढून बसमध्ये वाजवायचे. माझ्या देखत अकरा प्रती झिजल्या. प्रत्येक प्रतीत तोच जोड, तीच उडी. पुढे मोबाइलवर बाईंची काही गाणी आली, सायकलचं आलं नाही. मी दर महिन्याला शोधत होतो.

कापलेला तुकडा मामांनी टाकला नव्हता. लायसन्सच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी करून ठेवला होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. "मोजा." मी पोलादी पट्टीवर सरळ करून मोजला. त्रेचाळीस सेंटिमीटर. कॅसेटची पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे गेले नऊ सेकंद. नऊ सेकंदांत काय होतं, हे चार दिवसांच्या ऐकण्यात त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. फक्त एक गोष्ट पक्की होती.

"तिथं बाई हसल्या होत्या, साहेब. मी बाईंचं हसणं कापलं."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे संभवत नाही. पैसे देऊन रेकॉर्डिंग करतात, गाणं चुकलं तर पुन्हा घेतात, मध्येच हसू कोण ठेवील? मामा म्हणाले, "तुमच्या मापात बसत नाय म्हणून हसल्या नाय, असं होतं का?" मी चहा मागवला.

मामी या सगळ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायच्या. कोणी घरी गेलं की पाणी देता देता सांगायच्या, "माझी सवत आठवड्यातून सहा दिवस ह्यांच्याबरोबर ओझरला जाती. मला एकदा इथल्या इथं गोदेच्या घाटावर न्यायचं तर ह्यांचे पाय दुखतात." आणि मामा भिंतीकडे बघत हसायचे. पण ती मूळ कॅसेट मामींनीच पितळी डब्यात, दागिन्यांच्या शेजारी ठेवली होती.

मामा निवृत्त झाले, पाठोपाठ मी. आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मामा माझ्या दारात उभे. हातात आठ घड्या घातलेलं वर्तमानपत्र. बाई इतक्या वर्षांनी पुन्हा कार्यक्रम करू लागल्या होत्या आणि पुढच्या रविवारी, सकाळी अकराला, नाशकात गाणार होत्या. मामांचा आवाज चढलेला होता, कारण त्यांना स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नव्हता. बसचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला असतं.

"डाव्या कानानं राजीनामा दिलाय, साहेब. उजवा नोटिशीवर हाय. डॉक्टर म्हणतो, वर्षभर धरा. आत्ता ऐकलं तर ऐकलं."

मी यादी केली. माझ्यासकट बसमधले सोळा जण, मामा आणि मामी. अठरा तिकिटं, दोन ओळी, मधोमध. उजवा कान स्टेजकडे यावा म्हणून मामांना डाव्या टोकाची खुर्ची. मामी जरीची साडी नेसून आल्या होत्या. सवतीसमोर कमी पडायला नको म्हणाल्या.

पडदा उघडला. बाईंचे केस तसेच कापलेले, आता पांढरे, डोळ्यांवर चष्मा. पण बसण्याची ढब तीच, जिन्यावरची. आमच्या फिटरनं माझा दंड इतका जोरात धरला की बोटं उमटली. पहिली दोन गाणी आम्ही शहाण्यासारखी ऐकली. मग गिटारवर ते ओळखीचे सूर आले आणि मामांचं बोट आपोआप वर गेलं.

बाई गायल्या, 'बाजूला व्हा, मी येते आहे'. आणि आमच्या दोन्ही ओळी, काहीही न ठरवता, गळा फाडून ओरडल्या, 'उतार लागला, उतार लागला'.

पाच हजार वेळा केलं तेच झालं. बाई कुठे, आम्ही कुठे. बाईंच्या मागचे ढोलकवाले आमच्याबरोबर उतरले, बाई वरच राहिल्या. सगळा गोंधळ होऊन गाणं थांबलं. सभागृह आमच्याकडे वळून बघायला लागलं. बाईंनी डोळ्यांवर हाताची सावली धरून विचारलं, "तुम्ही मंडळी कुठून आलात?"

फिटर म्हणाला, "बसमधून."

लोक हसले, आम्हीही हसलो. मग मी मामांकडे पाहिलं. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता. ज्या नऊ सेकंदांसाठी ते आले होते, त्यांवर त्यांनी स्वतःच ओरडून पाणी ओतलं होतं. उजव्या कानावर हात ठेवून ते खाली बघत बसले होते. बाईंनी पुढचं कडवं धरलं असतं तर संपलंच होतं.

मामींनी त्यांना कोपरानं ढोसलं. "उठा आता. सवतीपुढं लाजता काय?"

मामा उठले. काय करावं न सुचून त्यांनी बोट वर केलं आणि तुमचा विश्वास बसणार नाही, सातशे माणसांचं सभागृह गप्प झालं.

"बाई, चुकी माझी हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं. प्लेअर, ब्लेड, जोड, अकरा प्रती. शेवटी माझ्याकडे हात केला. "तिथं तुम्ही हसला होता. हे साहेब म्हणतात, नाय."

बाईंनी चष्मा काढला. "हसले होते," त्या म्हणाल्या. "माझ्याच शब्दांना हसू आलं. पुन्हा घ्यायचं ठरलं होतं, वेळ संपली, तसंच राहिलं. आजपर्यंत मला कोणी विचारलं नव्हतं."

मी उभा राहून माझी चूक मान्य केली. तेवढं केलंच पाहिजे.

बाई पुढे आल्या, स्टेजच्या काठावर बसल्या आणि फक्त मामांसाठी, हळू, गायल्या. आम्ही सतरा जणांनी आपापल्या तोंडावर हात धरले होते.

ब्रेकही नाहीत, खरं सांगते,
थांबेन कुठं ते विचारू नका!

मामा कान देऊन ऐकत होते. शब्द पोहोचायला एक क्षण गेला. मग त्यांच्यातला ड्रायव्हर जागा झाला आणि ते फुटलेच. "बिनब्रेकचं?" ते म्हणाले. "एवढी वर्षं बावन्न माणसं घेऊन मी बिनब्रेकचं गाणं वाजवत होतो?" ते खुर्चीचा दांडा धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. ते बघून बाईंनाही हसू आलं. गिटारवर डोकं टेकून त्या हसल्या, आणि मामा एकदम थांबले. उजवा कान पुढे करून म्हणाले, "हेच. हेच ते."

कार्यक्रमानंतर मामांनी लायसन्सच्या पाकिटातून तो तुकडा काढून बाईंना दिला. "तुमचे नऊ सेकंद. साहेबांनी मोजलेत." बाईंनी तो गिटारच्या खुंटीला बांधला. मामींनी त्यांना जवळून नीट पाहून घेतलं आणि मला म्हणाल्या, "वाईट नाय हो. ठीक हाय."

त्यानंतर वर्षभरानं मामा-मामी देवळा तालुक्यातल्या आपल्या गावी राहायला गेले. सामान टेम्पोत चढवून झालं तेव्हा आम्ही सहा जण निरोपाला होतो. पितळी डबा मामींच्या मांडीवर. टेम्पोत कॅसेट घालायला जागाच नव्हती, म्हणून मामा स्वतःच गायला लागले. उजव्या कानाची नोटीस तोवर संपलेली, त्यामुळे सूर कुठल्या कुठे. पण बोट वर होतं, आणि आम्ही गप्प होतो.

'बाजूला व्हा, मी येते आहे,' मामा गायले. कापले गेलेले शब्द आता त्यांना ठाऊक होते. ते त्यांनी म्हटले नाहीत. आपलं गाणं आपल्यासारखंच, असं असेल. मी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं.

मामा हसले. मोकळे, खळखळून, समोर रस्त्याकडे बघत. नऊ सेकंद. एकही कमी नाही.

मग टेम्पो निघाला आणि लांबून ऐकू आलं, उतार लागला, उतार लागला.