बग्गीचा नेफा

माझ्या नवऱ्यानं पाइप जोडून गाडी केली तेव्हा गाव तिला बग्गी म्हणायला लागलं. आमच्याकडे बग्गी म्हणजे लग्नातली, घोड्यांची. म्हणून आठ दिवस जो तो दारात येऊन, घोडं कुठं बांधलंय, असं विचारून गेला. नवऱ्यानं मोबाइलवर वाळूत पळणाऱ्या उघड्या गाड्या पाहिल्या होत्या, त्यांनाही बग्गीच म्हणतात. नुसता पाइपांचा सांगाडा, चार जाड चाकं आणि दोन माणसांची बैठक. तशी एक आपण करायची हे त्यांच्या डोक्यात बसलं ते निघालंच नाही.

ते वेल्डिंगचं काम करायचे. गाडी करायच्या दोन वर्षं आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली शिरून काम करताना जॅक सरकला आणि त्यांचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला. नकली पाय बसवला, पण त्यावर मोटारसायकल पेलत नव्हती. दीड वर्ष ते घरातच होते. त्या दीड वर्षाबद्दल एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. मला बरं वाटायचं. पुढच्या खोलीत मी मशीनवर ब्लाउज, परकर शिवत बसायचे आणि आतल्या खोलीत ते असायचे. मशीन थांबवलं की त्यांचं खोकणं ऐकू यायचं. त्याआधी पंधरा वर्षं हा माणूस कुठं गेलाय, जेवलाय का, कधी येणार, काहीच मला ठाऊक नसायचं. आता ठाऊक होतं.

मग ही गाडी झाली. भंगारातून एक मालवाहू रिक्षा आणून तिचं इंजिन आणि हँडल त्यांनी घेतलं. रिक्षाचे क्लच आणि गिअर हातातच असतात. ब्रेक तेवढा पायाचा, तो त्यांनी डाव्या पायाकडे वळवून घेतला. पाणंदीनं शेतात जायचे, परत यायचे. चैत्रात ऊन तापलं. एका दुपारी शेतातून आले ते डोळे लालभडक, आणि उतरताना तोल जाऊन पडले. सासूबाईंनी कांदा ठेचून कपाळावर बांधला. दिवस कलल्यावर ते अंथरुणावर उठून बसले आणि म्हणाले, "गाडीला टप पाहिजे. कापडाचा. तू शिव."

"मी ब्लाउज शिवते. जीपचे टप शिवणारे जाफराबादला हायेत, त्यांना सांगा."

"ते त्यांच्या मापाचा शिवतेत. ही गाडी कोणत्याच मापाची न्हाई. तुलाच माप घ्यावं लागंल." मग म्हणाले, "टप झाला की जाफराबादला जाऊन येतो. एकटा."

जाफराबाद आमच्या गावापासून बारा किलोमीटर. डांबरी रस्ता, पण अरुंद. एसटी, टेम्पो, माणसं लटकलेल्या जीपा. मी म्हणाले, गाडीला कागद नाहीत, कुणी अडवलं तर?

"उतरून पाय दाखवतो," ते म्हणाले.

कापड आणायला मी जीपनं जाफराबादला गेले. बाजारातल्या मारवाडी शेठकडून आमच्याकडे सासूबाईंच्या काळापासून सगळं कापड येतं. त्यांनी हिरवं जाड कॅनव्हास उलगडून दाखवलं आणि माझ्याकडे जरा संशयानं बघितलं. "ताई, हे ट्रकवर टाकतेत. घरच्या मशीनवर चालंल का?"

"चालवते."

मग त्यांनी आपणहून नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ काढून कापडावर ठेवलं. "याला हाच दोरा वापरा. साधा दोरा वाऱ्यात टिकत नसतो, बिलकुल." मी हो म्हणाले.

वर्तमानपत्रं एकाला एक चिकटवून मी त्या पाइपांवर अंथरली आणि कात्रीनं साचा काढला. नवरा खाली खुर्ची टाकून बसलेला, इथं जास्त धर, तिथं कमी धर, असं सांगत. बऱ्याच दिवसांनी आम्ही एका कामात होतो. पण मला ते काम नको होतं. कापड इतकं ताठ की मशीनच्या पायाखाली सरकायचं नाही. मी दोन्ही हातांनी ओढायचे. पहिल्या दिवशी तीन सुया मोडल्या, त्यातल्या एकीचं टोक उडून माझ्या भुवईला लागलं. मागच्या बाजूला जाड प्लास्टिकची खिडकी बसवली. बाजूंना टिचबटणं ठोकली. राहिला पुढचा भाग.

पुढं नेफा होता. परकराला नाडीसाठी असतो तसाच, फक्त मनगटाएवढा रुंद. त्यातून पुढचा पाइप ओवायचा आणि पाइप दोन्ही टोकांना बोल्टनं आवळायचा. समोरून येणारा सगळा वारा त्या एका शिवणीवर येणार, हे मला साचा कापतानाच कळलं होतं. बाकीच्या सगळ्या शिवणी मी नायलॉनच्या दोऱ्यानं दोन-दोनदा मारल्या होत्या.

त्या दुपारी ते अंगणातून म्हणाले, "झालं का? उद्या सकाळी निघून राह्यलो मी."

मी मशीनवरचं नायलॉनचं रीळ काढलं आणि ब्लाउजचा हिरवा दोरा ओवला. टाका लांब केला आणि नेफ्यावर एकच शिवण मारली. चार-आठ दिवसांत उसवेल, मग ते कंटाळतील, पुन्हा शेतापुरतं जातील, एवढाच माझा हिशेब होता. चालत्या गाडीत उसवलं तर काय होईल, हा विचार मी केलाच नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आले. केला असेल. केला आणि पुढं शिवत राहिले असेन.

सकाळी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. टप चढवलेला होता आणि खरं सांगते, सुंदर दिसत होता. चारही कोपरे ताणून बसले होते, कुठं सुरकुती नाही. शेजारची माणसं बघायला उभी होती. त्यांनी कापडावर थाप मारली, ढोलकीसारखा आवाज आला, आणि ते शेजाऱ्याला म्हणाले, "घरचं काम हाये."

तेव्हाच सांगायला हवं होतं. चार माणसं उभी होती म्हणून सांगितलं नाही, असं म्हणता येईल. पण ती नसती तरी सांगितलं असतं की नाही, देव जाणे. मी घरात गेले, पिशवी घेतली आणि बाहेर येऊन शेजारच्या बैठकीवर चढून बसले.

"मीपण येते."

"कशाला?"

"अस्तराचं कापड आणायचंय."

त्यांचा चेहरा उतरला. एकट्यानं जायचं होतं त्यांना. पण लोक बघत होते. "बस," म्हणाले आणि गाडी चालू केली.

गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. डांबरीला लागल्यावर त्यांनी वेग वाढवला आणि टप डोक्यावर फडफडायला लागला. मी वर बघत होते. नेफ्याची शिवण माझ्या कपाळापासून हातभर अंतरावर होती. वारा आला की कापड फुगायचं, शिवण ताणायची आणि टाक्याटाक्यातून उजेड दिसायचा. वारा कमी झाला की भोकं मिटायची.

"हळू चालवा."

"हळूच हाये."

"अजून हळू."

"तू मला आता गाडी शिकवून राह्यली का?"

समोरून एसटी आली आणि बाजूनं गेली. तिच्या वाऱ्यानं आख्खा टप वर उचलला आणि धप्पकन खाली बसला. माझ्या बाजूच्या कोपऱ्यात पहिले दोन-तीन टाके गेले. टिक, टिक, असा आवाज आला का मला तो नुसता वाटला, सांगता येत नाही, कारण इंजिनापुढं काही ऐकू येत नव्हतं. मी हात वर करून कापड पाइपाशी दाबून धरलं.

"काय करून राह्यली?"

"सावली नीट पडत न्हाई."

असं मी म्हणाले. शिवण माझ्या बोटांखाली सुटत होती आणि मी सावलीचं कारण सांगितलं. एक हात पुरेना म्हणून दुसराही वर केला. पुढच्या वळणावर सांगायचं, असं ठरवलं. वळण गेलं. त्या लिंबाच्या झाडाशी सांगायचं. झाड गेलं. मधेच ते हसून म्हणाले, "अपघातानंतर पहिल्यांदा या रस्त्यानं मी चालवत आलो." मग पुढचं झाड मी शोधलंच नाही.

अर्ध्या वाटेवर एक ओढ्याचा पूल आहे, कठडा नसलेला. त्याच्या अलीकडे भुशानं भरलेला टेम्पो समोरून आला. भुसा दोन्ही बाजूंना बाहेर फुगलेला, त्यानं निम्म्याहून जास्त रस्ता घेतला होता. नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. टेम्पो अगदी लागून गेला आणि त्याचा वारा आत शिरला. माझ्या हातातून कापड निसटलं. नेफा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात उसवत गेला, टप मागं उडाला आणि तसाच उलटून आमच्या तोंडावर आला.

सगळं हिरवं झालं. त्यांचे दोन्ही हात हँडलवर होते. "दिसंना! दिसंना मला," एवढंच ते म्हणाले. मी जे हाताला लागेल ते ओढलं. टिचबटणाची कडा तळहातात घुसली. कापड त्यांच्या मानेभोवती अडकलं होतं. गाडी खडीवर गेल्याचं खालून कळलं. ब्रेक लागला, मागचं चाक सरकलं, आणि आम्ही उतरणीला तिरपे जाऊन एका बाभळीला टेकून थांबलो. पूल दहा-बारा पावलांवर होता.

दोघंही धड होतो. माझ्या हातातून रक्त येत होतं, त्यांचा नकली पाय निसटून खाली पडला होता. ते इंजिन बंद करायचं विसरले होते, मीच चावी फिरवली.

जाफराबादकडे निघालेली एक जीप थांबली. ड्रायव्हर आणि दोघं-तिघं उतरून आले, त्यांनी गाडी ढकलून रस्त्यावर घेतली. ड्रायव्हरनं टप उचलून पाहिला. जीपवाला होता, त्याला त्यातलं कळत होतं. नेफ्याची उसवलेली कड बोटांत धरून तो म्हणाला, "कापड एक नंबर हाये, दादा. दोरा कच्चा लावला कुणीतरी."

नवऱ्यानं हात पुढं केला. लोंबणारा दोरा त्यांनी ओढला, तो सहज तुटला. मग त्यांनी बाजूची शिवण ओढून पाहिली. ती हलली नाही. दोन्ही दोरे त्यांनी शेजारी शेजारी धरले. इतकी वर्षं माझ्या मशीनच्या घरात राहिलेला माणूस, ब्लाउजचा दोरा त्यांना ओळखू येणारच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ड्रायव्हरला म्हणाले, "हो. चुकला असंल."

जाफराबाद राहिलं. टप मागं गुंडाळून आम्ही परत आलो, ऐन उन्हात. मी त्यांच्या डोक्यावर माझा रुमाल बांधायला गेले तर त्यांनी मान बाजूला केली.

घरी आल्यावर, सासूबाई पाणी ठेवून आत गेल्यावर, त्यांनी विचारलं, "दोरा संपला होता का?"

हो म्हणायची वाट त्यांनी मला करून दिली होती. मी म्हणाले, "न्हाई. रीळ भरलेलं हाये."

"मंग?"

"तुम्ही जाऊ नये असं वाटलं."

"मेलो असतो मी. तूपण."

"हो."

"ट्रॉलीखाली मी शिरलो तेव्हा जॅक मीच लावला होता," ते म्हणाले. "घाईत लावला. म्हणून त्याचा मला कुणावर राग न्हाई. आज कुणावर धरू?"

त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायचे, ताट सरकवायचे. मशीन थांबवलं की आतून खोकणं ऐकू यायचं आणि आता मला ते ऐकवत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी नेफ्याचा उसवलेला भाग कापून टाकला आणि उरलेल्या कॅनव्हासची नवी दुहेरी पट्टी घेतली. मशीनची सुई चार पदरांतून जाईना. मी दाभण आणि नायलॉनचा दोरा घेऊन अंगणात बसले. दाभण एका बाजूनं खुपसायचं, मग पलीकडून हात घालून ओढायचं, प्रत्येक टाक्याला उठबस. तळहाताची जखम उघडी पडली. त्यांनी ते दारातून पाहिलं असावं. कुबडी घेऊन आले, खुर्ची ओढून कापडाच्या पलीकडच्या बाजूला बसले. मी दाभण खुपसलं की ते पलीकडून ओढायचे आणि परत माझ्याकडे पाठवायचे. दोन टाके मी ढिले सोडले होते, ते त्यांनी न बोलता उसवले. मी पुन्हा घातले. तिन्हीसांजेपर्यंत नेफा झाला.

दोन दिवसांनी ते जाफराबादला गेले, एकटे. मी दारात उभी राहिले नाही, मशीनवर बसले आणि एका ब्लाउजची बाही उलटी लावली. दीड वाजता आले. येताना गुळपापडी आणली होती आणि मागच्या खिडकीचं प्लास्टिक धुरकट दिसतं म्हणून तक्रार केली.

याला आता दोन उन्हाळे झाले. आठवड्यातून दोनदा तरी ते जातात. बोलणं पुन्हा पहिल्यासारखं आहे, कदाचित जास्तच. पण गाडीत बसले की चावी फिरवायच्या आधी ते हात वर करतात, नेफ्याच्या शिवणीत अंगठा घालतात आणि दोनदा जोरानं ओढतात. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा. मी समोर असले तरी करतात. मला टोचावं म्हणून करतात असं मला वाटत नाही.