मागून आलेली टर्बोची शिट्टी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी तिथून उठून जाणारा माणूस. कंपनीत मेंटेनन्सला आहे. आवाज आला म्हणजे तिथे मशीन असणारच, एवढंच मला कळतं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

राहायला तळा गावात. माझ्याकडे एक जुनी टर्बो डिझेल गाडी आहे, निळी, लग्नाआधी घेतलेली. तेव्हा नुसतं वेड होतं — मोठा इंटरकूलर, रुंद टायर, बदललेला एक्झॉस्ट. मग मुलगी झाली, शिफ्ट ड्युट्या आल्या आणि गाडी ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. गेल्या वर्षी मला हार्ट अ‍ॅटॅक आला. बरा झालो, पण कशातच मन लागेना. खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहायचो. शेवटी बायकोने, वैशालीने, एका सकाळी स्वतःच ताडपत्री ओढून काढली.

"अहो, एक तर हिला चालू करा, नाहीतर भंगारात द्या. दोघांना असं पडलेलं मला नाही बघवत."

पावसाळाभर मी गाडीखालीच होतो. टर्बो उघडून साफ केला, होज पाइप नवे टाकले, गंज काढला. हाताला ग्रीस लागल्यावर मला पुन्हा भूकही लागायला लागली.

दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही दोघं श्रीवर्धनला निघालो. लख्ख ऊन. म्हसळ्याच्या अलीकडे वळणांचा चढ लागला आणि टर्बोने जोर धरला — तीच बारीक शिट्टी! मी दाबत सुटलो. वैशाली "हळू... हळू" करत होती, पण हसत होती.

मग तिचं हसणं थांबलं. "मागून कोणीतरी येतंय."

मलाही ऐकू आलं. दुसरी टर्बो. शिट्टी आमच्यापेक्षा तीक्ष्ण. आरशात पाहिलं — रस्ता रिकामा. पुन्हा पाहिलं. रिकामाच. आवाज मात्र पार डिकीला चिकटला होता.

"बाजूला घ्या. जाऊ द्या त्याला."

"कोणाला जाऊ देऊ? कोणी नाहीये मागे!"

"बाजूला घ्या म्हणते ना!"

मी कडेला थांबलो, इंजिन बंद केलं. शिट्टी तरीही चालूच. म्हणजे आता तो आवाज आमचा नव्हता, हे नक्की. तो माझ्या काचेला लागून गेला. आमची गाडी हलली. रस्त्यावरची वाळकी पानं गरकन उडाली. पुढच्या वळणाआड लांबलचक हॉर्न वाजला — आणि एकदम शांतता.

वैशालीने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिची बांगडी रुतली. माझ्या छातीत धडधडत होतं. पुन्हा अ‍ॅटॅक येतोय की काय, असं वाटलं.

जरा वेळाने पहिल्या गिअरमध्ये वळण घेतलं. तिथे एक म्हातारी म्हशींना रस्त्यावरून खाली हाकत होती. आम्हाला बघून ती जागीच थबकली.

"आत्ता तर गेलाव न्हवं तुमी? परत मागनं कसं आलाव?"

"मी? नाही, आजी..."

तिने वाकून माझ्याकडे निरखून पाहिलं. "न्हाय, तो जवान व्हता. पन तोंडावला तुमचाच. गाडी बी हीच, फकस्त म्होरला पत्रा काला व्हता. भोंगा वाजवला म्हून बरं, म्हशी वाटंवरच बसलेल्या."

मघाच्या वेगाने वळलो असतो तर... आणि बॉनेट! गाडी नवी होती तेव्हा मी बॉनेट काळं रंगवलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांना आवडलं नाही, म्हणून लग्नाआधीच पुन्हा निळं केलं. हे या आजीला कुठून ठाऊक असणार?

डोंगराचा प्रतिध्वनी म्हणावं, तर आमचं इंजिन बंद होतं. दुसरी गाडी म्हणावं, तर ती आम्हाला का दिसली नाही?

गाडी मी अजून चालवतो, सोडणारही नाही. पण गेल्या रविवारी वैशालीने हट्टाने त्याच वळणावर थांबायला लावलं. आजी भेटल्या. हिने एवढंच विचारलं, "तो मुलगा हसत होता का हो, आजी?"

आजींनी मान हलवली. "न्हाय गो बाय. घाबरला व्हता. सारखा मागं वलून बगत व्हता."

त्याच्या मागे तेव्हा फक्त आम्ही दोघं होतो. आम्हाला बघून तो का घाबरला असेल... मला खरंच माहीत नाही.