बाईंचा तास

बाईंना स्कूटर चालवता येत नव्हती. मागच्या सीटवर बसायलाही त्या तयार नसत. नारायण पेठेतल्या आमच्या स्कूटरच्या गॅरेजच्या त्या मालकीण, पण रोज घरून चालत यायच्या, हातात छत्री, ऊन असो नसो. एकदा मी म्हटलं, "बाई, सोडतो तुम्हाला घरी." त्यांनी माझ्या स्कूटरकडे पाहिलं आणि विचारलं, "दुरुस्त कोणी केलीय?" मी म्हटलं, "मीच." "मग चालतच जाते," म्हणाल्या आणि निघाल्यासुद्धा. या बाईंबद्दल शांतपणे बोलणं मला अजून जमत नाही.

गॅरेज मुळात त्यांच्या यजमानांचं, अण्णांचं. अण्णांच्या काळी आमच्याकडे सगळं काम उक्तं चालायचं. म्हणजे प्रत्येक कामाची मजुरी ठरलेली. क्लचप्लेट बदलायला अर्धा तास लागो की अर्धा दिवस, हातात पडणार तेवढंच. माझा हात वेगाचा होता. मी दिवसाला इतरांच्या दुप्पट गाड्या काढायचो आणि शनिवारी खिसा गरम करून घरी जायचो. दुसऱ्या टोकाला दत्तोबा. माझ्यापेक्षा वयानं मोठे, हडपसरपलीकडच्या मांजरी गावचे शेतकरी, तिथून सायकल मारत यायचे. माणूस सज्जन, पण काम असं की जणू प्रत्येक नटाची आधी विचारपूस करून मग त्याला पाना लावणार. शनिवारी त्यांच्या हातात जे पडायचं ते पाहून आम्हीच नजर वळवायचो.

अण्णा अचानक गेले. बाई शाळेत गणित शिकवायच्या. आम्हाला वाटलं, आता गॅरेज विकतील. त्यांनी नोकरी सोडली आणि दारापाशी एक लोखंडी खुर्ची टाकून बसल्या. पहिले काही आठवडे एक शब्द बोलल्या नाहीत. परीक्षेच्या वर्गात बाई बसतात तशा बसून नुसत्या पाहायच्या. आमचे हात आपोआप चुकायला लागले.

अण्णा मला "ए मेहबूब" म्हणून हाक मारायचे, सोबत एखादी शिवीही असायची आणि ती गोड लागायची. बाईंनी सगळ्यांना अहो-जाहो सुरू केलं. "अहो बागवान, आपण ती गाडी भिंतीला टेकवून ठेवली आहे की भिंत गाडीला?" आमच्यासारख्या ग्रीसमध्ये बुडालेल्या माणसांना 'आपण' ऐकलं की धडकीच भरायची. शिवी परवडली. शिवी दिली की विषय संपतो.

गिऱ्हाइकांचीही त्यातून सुटका नव्हती. कोणी विचारलं, "गाडी कधी मिळेल?" की उत्तर यायचं, "दुरुस्त झाल्यावर." कोणी म्हटलं, "जरा लवकर द्या," की "लवकर हवी तर अशीच घेऊन जा, आत्ता मिळेल." अण्णांनी जन्मभर गोड बोलून जोडलेली माणसं बाई एकेका वाक्यात तोडत होत्या आणि आम्ही पाने हातात धरून पाहत होतो.

आणि मग ते प्राध्यापक पडले.

दसऱ्याच्या आधीचा शुक्रवार होता. गॅरेजात गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांची स्कूटर आली होती. तिच्या मागच्या चाकाचा टायर मी बदलला आणि ब्रेकचे लायनर दत्तोबांनी. दोन्ही कामांना चाक उघडावं लागतं. संध्याकाळी प्राध्यापक गाडी घेऊन गेले, आणि लकडी पुलावर मागचं चाक डगमगायला लागलं. ते पडले, हात मोडला. मागून बस येत नव्हती म्हणून तेवढ्यावर निभावलं. पाहिलं तर चाकाचे नट सैल होते.

चाक शेवटी कोणी बसवलं? मला वाटत होतं, मी नट आवळले, आवळून मग नमाजाला गेलो. पण त्या दिवशी हाताखालून इतक्या गाड्या गेल्या होत्या की शपथेवर सांगता येईना. दत्तोबांना विचारलं तर ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "मला ठावं न्हाई बाबा." बाईंना विचारलं. त्या दिवसभर खुर्चीत होत्या. त्या म्हणाल्या, "कोणी बसवलं याने प्राध्यापकांचा हात जुळणार आहे का?" हॉस्पिटलचा खर्च त्यांनी दिला आणि विषय मिटवला. त्यांच्यापुरता मिटला. पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं की घाई करणारा कोण. नाव कोणी घेतलं नाही, पण लोक गाडी देताना म्हणायला लागले, "नट बघा हं जरा." आणि हे माझ्याकडेच पाहून.

सोमवारी बाई एक टेबलावरचं घड्याळ घेऊन आल्या आणि स्पेअरच्या फळीवर ठेवलं. "आजपासून उक्तं बंद. प्रत्येकाला तासावर पैसे मिळतील. सर्वांना दर सारखा."

मी पाना खाली ठेवला. "बाई, तासावर दिलं तर लोक चहा पीत बसतील."

"पिऊ द्या. चहा पिऊन कोणी पुलावर पडत नाही."

"पण मी दुप्पट काम करतो! मला आणि दत्तोबांना एकच दर?"

"शाळेत हुशार मुलाचा तास लवकर संपत नाही, बागवान. त्याला बसावंच लागतं."

"मी शाळेत नाही बाई, मला तीन मुलं आहेत!"

"मग त्यांना विचारा तास किती वेळाचा असतो," म्हणाल्या आणि वर्तमानपत्र उघडलं. या बाईंशी भांडण करणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं, जोरात माराल तेवढा तुमच्याच अंगावर येणार.

पुढचं जे व्हायचं ते झालं. गॅरेजाचा वेग मेला. पूर्वी दुपारी सुटणाऱ्या गाड्या दुसऱ्या दिवशी सुटायला लागल्या. आमच्यातला एक जण पंक्चर काढता काढता गाणी म्हणायला शिकला. गिऱ्हाइकं कुरकुरत पांगली. मी दोनदा बाईंना समजावलं, की कठीण कामाला तासाचा दर वाढवा, निदान चांगल्या हाताला चार पैसे जास्त द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन्ही वेळा 'नाही' म्हणाल्या. कारण सांगितलं नाही. एकटे दत्तोबा तेवढे सुखात दिसायचे. ते नट आवळायचे, बोटांनी चाचपायचे, पुन्हा आवळायचे. मला ते पाहून अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी वर्ष काढलं असेल. मग हडपसरच्या एका सर्व्हिस स्टेशनात उक्त्यावर जागा मिळाली आणि मी निघालो. जाताना बाईंना म्हटलं, "तुमचं हे तासाचं प्रकरण गॅरेज बुडवणार." त्या म्हणाल्या, "बुडालं तर सावकाश बुडेल." नमस्कार केला आणि बाहेर पडलो. जळफळाट पैशांचा नव्हता. जाताना तरी म्हणतील की बागवान, ते नट तुमच्याकडून राहिले नव्हते, असं मला कुठेतरी वाटलं होतं. किंवा राहिले होते, असं तरी म्हणायचं होतं. पुढची कितीतरी वर्षं कुठल्याही गाडीचं चाक बसवलं की मी चार पावलं जाऊन परत यायचो आणि नट पाहायचो.

हडपसरला माझं बरं झालं. पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं. हाताखालची पोरंही उक्त्यावर. घर मी उक्त्याच्या पैशांनी बांधलं आणि बांधणाऱ्या गवंड्यालाही उक्तंच दिलं. स्लॅब गळतो, ती गोष्ट वेगळी.

एका उन्हाळ्यातल्या दुपारी बाई गॅरेजच्या दारात उभ्या. बसने आल्या होत्या. केस सगळे पांढरे झाले होते. मी स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं. त्यांनी माझ्या गॅरेजवरून नजर फिरवली. आता काहीतरी टोचून बोलणार म्हणून मी तयार झालो. पण त्या म्हणाल्या, "चांगलं चाललंय तुमचं." मला जास्तच भीती वाटली.

"बागवान, गॅरेज बंद करतेय. जागामालक इमारत पाडणार आहेत. बाकीच्यांची सोय झाली. दत्तोबांना तुमच्याकडे घ्या. त्यांना इथून घर जवळ पडेल."

"येऊ द्या की. फक्त इथे उक्तं चालतं, तेवढं सांगा त्यांना."

"त्यांना तासावर घ्यायचं."

मी हसलो. "बाई, इथे तासावर कोणी नाही. एकट्याला दिलं तर ही पोरं मला फाडून खातील."

"त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नाही," बाई म्हणाल्या. "यांच्या वेळी ग्राइंडरवर काम करताना लोखंडाचा कण गेला होता. कोणाला सांगू नका म्हणून दत्तोबांनीच हात जोडले होते. एका डोळ्याच्या मेकॅनिकला काम कोण देणार? पण उक्त्यावर तुम्हा लोकांच्या बरोबरीला यायचं म्हणून ते घाई करायचे. प्राध्यापक पडले त्या दिवशीही केली."

"म्हणजे?"

"तुम्ही नमाजाला गेला होतात. ब्रेक घासत होता म्हणून त्यांनी चाक पुन्हा उघडलं. बसवलं आणि नट पुरते न आवळताच पुढच्या गाडीला लागले. मी खुर्चीतून पाहत होते. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. संध्याकाळी कळलं."

मी ओरडलो. आयुष्यात बाईंवर ओरडलो ते तेव्हाच. पोरं हातातली कामं टाकून पाहायला लागली. "इतकी वर्षं, बाई! पेठेत लोक माझ्याकडे बघून नट बघा म्हणायचे. अहो, मीच मला विचारायचो! एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"बोलले असते तर तुम्ही सगळ्यांनी त्यांच्यावर दया केली असती. तुम्हा लोकांची दया फार आवाज करते. महिन्याभरात अख्ख्या पुण्यात कळलं असतं, मग त्यांना कोणी दारात उभं केलं नसतं."

"आणि मी? माझं काय?"

"तुम्हाला कोणीही घेतलं असतं. घेतलं की."

"म्हणजे एका माणसासाठी तुम्ही गॅरेज बुडवलंत, चौघांच्या पोटाला चिमटा काढलात आणि मला चोर ठरवलंत. हे गणित कुठल्या शाळेत शिकवायचात?"

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर अन्याय होतोय हे मला तेव्हाही कळत होतं, बागवान. म्हणून चिठ्ठी नाही पाठवली, स्वतः आले."

माफी म्हणून मिळालं ते एवढंच. पोरांनी चहा आणला, तो त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. मग मी त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेलो. स्कूटरबद्दल विचारायची सोय नव्हतीच. बस उशिरा आली आणि तोवर आम्ही दोघंही रस्त्याकडे पाहत उभे होतो. माझा राग उतरला नव्हता, पण त्यांना गर्दीत चढता येईना म्हणून कोपराला धरून चढवलं. पायरीवरून वळून त्यांनी विचारलं, "तासाला काय देणार?"

"बाई, मी हो म्हटलेलं नाही!"

"नाही कुठे म्हणालात?" आणि बस सुटली.

दत्तोबा आले. मी त्यांना तासावर ठेवलं. पोरांनी महिनाभर तोंडं वाकडी केली, एक तर सोडून गेला. खोटं कशाला सांगू, दत्तोबांच्या कामात मला कधी नफा झाला नाही. त्यांनी केलेली गाडी परत येत नाही हे खरं, पण ती जायलाही तयार नसते. चिडलो की मी आत जाऊन बाईंना मनातल्या मनात चार शब्द सुनावायचो आणि बाहेर येऊन म्हणायचो, "दत्तोबा, होऊ द्या सावकाश."

पावसाळ्यानंतर बाई गेल्याचा निरोप आला. त्यांच्या भाचीने कळवलं. मी आणि दत्तोबा दोघं गेलो. शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी बऱ्याच होत्या, गॅरेजातले आम्ही दोघंच. अग्नी दिला आणि लोक पांगायला लागले, तेव्हा आम्ही बाहेर एका कट्ट्यावर बसलो. दत्तोबा बराच वेळ टोपी हातात फिरवत होते.

"मेहबूबभाई, बाईंनी माज्याबद्दल तुमाला कधी काय सांगितलं हुतं का?"

त्यांनी मान वळवून चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी ती मान वळवणं कधी लक्षात घेतलं नव्हतं. हो म्हणालो असतो तर ते कदाचित रडले असते, माफी मागितली असती, आणि एवढी वर्षं जे ऐकायचं होतं ते मला ऐकायला मिळालं असतं. त्यावर माझा हक्क होता.

"नाही," मी म्हटलं. "हळू काम करता म्हणाल्या होत्या. ते काय, सगळ्यांनाच ठाऊक आहे."

दत्तोबांनी मोठा श्वास सोडला. "त्ये मात्र खरं हाय," म्हणाले आणि टोपी डोक्यावर चढवली.

मी तिथेच बसून राहिलो, संतापाने कान गरम झालेले. ते नट माझे नव्हते हे जगात एकाच माणसाने पाहिलं होतं. ते माणूस आत जळत होतं, आणि दत्तोबा रस्ता ओलांडून माझ्यासाठी चहा सांगायला गेले होते.