कासेतला कारखाना

निजामाच्या राज्यात मी ईट गावातल्या ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. औषधं कधी वेळेवर यायची नाहीत. किस्से मात्र प्रत्येक ढोराबरोबर चालत यायचे!

आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे. शिकलेले, पण गप्प बसणं ठाऊक नाही. किराणावाल्या आप्पांना सांगायला लागले, "चारा पेट में, पेट से खून में. थन उस खून से दूध बनाता."

आप्पा कट्टर शाकाहारी, रोज पिंडीला दूध घालणारे. त्यांनी घरात दूध-तूप बंद करून टाकलं.

शेवटी बायको म्हणाली, "तान्हेपणी आईच्या मांडीवर काय आंबील पीत व्हता?"

आप्पांनी ताक मागितलं.

*

म्हादू गवळ्याचं दूध पातळ. साहेबांनी त्यालाही शिकवलं. कास साखर बनवते, साखरेमागं रक्तातलं पाणी येतं, म्हणून दुधात पाणीच जास्त.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हादू म्हणे, "पाणी म्हशीनंच घातलंय. डाक्टरला इचारा!"

लोक खरंच विचारायला आले. साहेबांना "हां" म्हणावं लागलं!

*

महायुद्धामुळं साखर कंट्रोलमध्ये होती, आणि शेतकऱ्याच्या धान्यावर सरकारची सक्तीची लेव्ही होती. कासेत साखर तयार होते, हे म्हातारे पाटील ऐकत होते.

"हळू बोला साहेब," ते म्हणाले, "सरकारला कळलं तर म्हशीवर बी लेव्ही बसंल!"

*

गंगूबाईची लेक बाळंतपणात गेली. तान्हा नातू म्हशीच्या दुधावर होता. नेमकं रेडकू मेलं आणि म्हशीनं पान्हा चोरला. कास तट्ट फुगलेली, पण थेंब सुटेना. रेडकाच्या कातड्यात कडबा भरून पुढं ठेवला. हुंगून तिनं तोंड फिरवलं.

शेवटी गंगूबाईनं रडणारा नातूच तिच्यापुढं ठेवला. म्हशीनं त्याला चाटलं आणि पान्हा सोडला! मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मग रोज तसंच करावं लागे.

पुढं मुलखात मारामाऱ्या सुरू झाल्या. आम्ही गावकरी निजामाच्या सरहद्दीपलीकडं निघालो, गंगूबाई लेकरू आणि म्हैस घेऊन बरोबर होती. नाक्यावर शिपायानं अडवलं, "आदमी जाव. जानवर ले जाने का हुकूम नै."

म्हैस राहिली तर लेकरू जगणार नव्हतं.

"मग लेकरू बी ठेवून घ्या," गंगूबाई म्हणाली. "आई हितं अन् लेकरू तिकडं, आसं कसं?"

"माँ? किधर है माँ?"

तिनं लेकरू म्हशीपुढं मातीत ठेवलं. म्हशीनं ते चाटलं. कुणी हात लावला नव्हता, तरी सडांतून दूध टपकायला लागलं.

शिपाई नाक्याचा आडवा बांबू वर करत म्हणाला, "बच्चे को उठाव, बाई. ठंड लगेगी."